सीमेवरच्या लहान व्यापारी स्त्रियांना नोंदणी तारते की अडकवते?

मंगळवारपेठ_अभ्यासगट

नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आम्हा काही जणींचा एक अभ्यासगट आहे. बहुतेक जणी बचत गटांच्या कामातून आलेल्या आहेत, काही शिक्षिका आहेत आणि दोघींची स्वतःची दुकाने आहेत. या महिन्यासाठी आम्ही युद्ध किंवा अंतर्गत संघर्ष चालू असलेल्या भागांत सीमा ओलांडून व्यापार करणाऱ्या स्त्रियांचा विषय घेतला. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांत अशा लहान व्यापाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया असतात, हा आकडा या विषयावरील लेखनात वारंवार दिला जातो. तितक्याच वारंवार एक उपायही सुचवला जातो, तो असा की या स्त्रियांची नोंदणी करावी, त्यांना ओळखपत्रे आणि परवाने द्यावेत, म्हणजे नाक्यावरची पिळवणूक थांबेल.

याच उपायावरून आमच्यात दोन तट पडले. शिक्षिकांचे म्हणणे असे की ज्याच्या हातात पावती असते त्याला नाक्यावर सहजासहजी कुणी अडवत नाही. दुकान चालवणाऱ्या दोघींना हे अजिबात पटले नाही. नाव वहीत चढले की कर मागणारा लगेच दारात येतो आणि संरक्षण देणारा, आलाच तर, फार उशिरा येतो, असा त्यांचा अनुभव. शिवाय जिथे आज एक फौज आणि उद्या दुसरी फौज शहराचा ताबा घेते, तिथे नोंदणी करायची ती कुणाच्या दप्तरात?

एखाद्या ठरावीक सीमेवर नोंदणीचा किंवा सोप्या नियमांचा प्रत्यक्षात काय परिणाम झाला, हे कुणी सांगू शकेल का? मणिपूर-म्यानमार सीमेची माहिती असणारे कुणी येथे असल्यास त्यांनीही कृपया लिहावे. स्त्रिया शांततेच्या दूत असतात, या धर्तीची वाक्ये आम्ही भरपूर वाचली आहेत, तेव्हा ती नकोत.

राजारामपुरी_नववी_गल्ली

ताई, प्रश्न ठरावीक सीमेचा विचारलात हे बरे केलेत, कारण या विषयावर सरसकट बोलले की हाती काहीच लागत नाही. मी काँगो आणि रवांडा यांच्या सीमेविषयी बरेच वाचलेले आहे, तेवढ्यापुरते लिहितो.

काँगोमधील गोमा आणि रवांडामधील गिसेन्यी ही किवू सरोवराच्या काठावरची शहरे एकमेकांना इतकी खेटून आहेत की एका शहराची वस्ती संपते तिथेच दुसरा देश सुरू होतो. त्यांच्यामधला पेतीत बारिएर हा पायी जाणाऱ्यांचा नाका आफ्रिकेतील सर्वांत गजबजलेल्या नाक्यांपैकी एक मानला जातो. गोमा हे लाव्हाच्या थरावर वसलेले, आसपासच्या लढायांमुळे शेतीपासून तुटलेले मोठे शहर आहे. त्याची भाजी, बटाटे, दूध, मांस यांचा बराच भाग रवांडातून येतो आणि तो आणणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. सकाळी उधारीवर माल उचलायचा, पलीकडे विकायचा, संध्याकाळी उधारी फेडून उरलेल्या पैशात घर चालवायचे, असा हा व्यवहार. भांडवल इतके थोडे असते की एका दिवसाचा माल जप्त झाला तरी धंदा बसतो.

आता नाक्याकडे पाहू. काँगोच्या सरकारने २००२ मध्येच आदेश काढून सीमेवर चारच खात्यांनी काम करावे असे ठरवून दिले होते: सीमाशुल्क, परदेशी ये-जा, मालाची तपासणी आणि आरोग्य. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक खात्यांची माणसे तिथे उभी असतात, आणि प्रत्येकाला काही ना काही हवे असते. दुसरी गंमत, गंमत म्हणवत नाही पण तरी, अशी की यातल्या बऱ्याच मालावर सीमाशुल्क लागूच नव्हते. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकी देशांच्या कोमेसा या व्यापारसंघात मुक्त व्यापाराचा करार असलेल्या देशांमध्ये आपल्याच भागात पिकलेला माल शुल्कमुक्त असतो. मात्र तो इथेच पिकला असा दाखला आणायचा तर त्याची खटपट मोठ्या व्यापाऱ्यालाच परवडणारी होती. त्यामुळे लहान व्यापारी बाई नसलेले शुल्क भरत होती, किंवा ते टाळण्यासाठी आडवाटेने जात होती, आणि आडवाटेवर तिची गाठ बंदूकवाल्याशी पडत होती.

कोमेसाने यावर २०१० पासून एक सोपी व्यवस्था निरनिराळ्या सीमांवर सुरू केली. ठरावीक रकमेपर्यंतच्या मालासाठी (आधी ५०० डॉलर, नंतर १००० आणि काही सीमांवर २०००) दाखला नाक्यावरच मिळतो, शुल्कमुक्त वस्तूंची यादी आधी जाहीर केलेली असते, आणि काही नाक्यांवर अर्ज भरायला मदत करणारा व तक्रार नोंदवून घेणारा माणूस बसवलेला असतो.

माझ्या मते या तिन्हींपैकी सर्वांत जास्त काम भिंतीवरची यादी करते. नोंदवहीमुळे कार्यालयाला बाईची माहिती होते. यादीमुळे बाईला कार्यालयाची माहिती होते. काय देणे लागत नाही हे तिला ठाऊक असेल तर ती निदान घासाघीस तरी करू शकते. तुमच्या शिक्षिका आणि दुकानदार दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण त्या दोन वेगवेगळ्या कागदांविषयी बोलत आहेत.

संघर्षाचे म्हणाल तर या सगळ्या रचनेला तो एका दिवसात खिळखिळी करतो. जून २०२२ मध्ये याच पेतीत बारिएर नाक्यावर काँगोचा एक सैनिक रवांडाच्या हद्दीत मारला गेला आणि त्यानंतर नाका दुपारी ३ वाजता बंद होऊ लागला. ज्यांचा व्यवहारच संध्याकाळच्या गिऱ्हाइकावर आहे त्यांच्यासाठी ही केवळ वेळेची बाब राहत नाही. टोमॅटो उद्यापर्यंत थांबत नाही आणि सावकारही थांबत नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ या बंडखोर गटाने गोमा आणि फेब्रुवारीत बुकावू ही काँगोची शहरे घेतली. म्हणजे २०१२ मध्ये काही दिवसांपुरते जे घडले होते, ते या वेळी ठाण मांडून घडले. फाटकावरची माणसे बदलली, आणि त्यांना तोंड देणाऱ्या बायका मात्र होत्या त्याच राहिल्या.

लक्ष्मीपुरी_धान्यवाली

मी लक्ष्मीपुरीत धान्याचा व्यापार करते आणि वरच्या प्रतिसादातील हिशेब मला लगेच कळला, म्हणून केवळ व्यापाराच्या अंगाने दोन गोष्टी लिहिते.

सीमेवरची कमाई म्हणजे दोन बाजारांच्या भावांतला फरक. त्यातून व्याज जाते, हमाली जाते आणि नाका जातो. व्याज किती लागणार हे सकाळीच ठरलेले असते, हमालीही ठरलेली असते; नाक्यावर किती जाणार एवढेच माहीत नसते, आणि माल घेतानाच ते गृहीत धरावे लागत असल्यामुळे बाई आपोआप कमी माल उचलते. म्हणूनच ठरलेला कर तिला फारसा छळत नाही, जितका न ठरलेला छळतो. आमच्या बाजारातही, पावती देऊन घेतलेल्या पैशाबद्दल व्यापारी कुरकुरतो आणि विसरतो. बिनपावतीच्या पैशामुळे त्याची रात्रीची झोप उडते.

दुसरी गोष्ट त्या ५०० किंवा १००० डॉलरच्या मर्यादेची. मर्यादा घातली की तिच्या आत राहण्यासाठी माल फोडला जातो, हे कुठल्याही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. मोठा व्यापारी आपला गाडीभर माल दहा बायकांच्या डोक्यावर वाटून देतो आणि सवलत खाऊन टाकतो. गोम्यात अपंग व्यक्तींना करात सूट असल्यामुळे त्यांच्या हाताने चालवायच्या तीनचाकी गाड्यांवर मालाचे ढीग रचून नाका ओलांडला जातो, असे मी वाचले आहे. त्यांना त्यातून रोजगार मिळतो, ते वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या दहा बायका नाका ओलांडताना मोजल्या गेल्या, त्यांतल्या किती जणी स्वतःच्या मालाच्या धनी होत्या आणि किती जणी मजुरीवर डोके भाड्याने देत होत्या, हे आकड्यांतून कळत नाही. या विषयावरच्या अहवालांत सगळ्यांनाच उद्योजिका म्हणण्याची जी रीत आहे, ती मला खटकते.

आपल्याकडची कोगनोळीची महाराष्ट्र-कर्नाटक सीमा ही काही युद्धाची सीमा नव्हे, त्यामुळे तुलना ताणू नये. तरीही नाका बंद होणे म्हणजे काय, हे मी तिथेच पाहिले. २०२१ मध्ये करोना चाचणीचा दाखला मागत होते तेव्हा आणि डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादावरून दोन्ही राज्यांच्या एसटी बंद झाल्या तेव्हा, निपाणीकडून मेथी-कोथिंबिरीच्या बुट्ट्या घेऊन येणाऱ्या बायका अडकल्या. ट्रकवाल्यांनी थोडा वेळ कळ काढली. या बायकांनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या जुड्या जवळच्याच गावात मिळेल त्या भावाने देऊन टाकल्या. त्यांना कुणी मनाई केली नव्हती आणि त्यांचा कागदही कुणी मागितला नव्हता. फक्त ज्या गाडीच्या टपावर त्यांचा धंदा चालत होता ती गाडी आली नाही.

इंफाळचा_जुना_बँकवाला

मी मूळचा गडहिंग्लजचा, आता कोल्हापुरात निवृत्त आयुष्य जगतो. नोकरीच्या काळात काही वर्षे इंफाळमध्ये होतो. ताईंनी मणिपूरविषयी विचारले आहे म्हणून सविस्तर लिहितो.

इंफाळचे इमा कैथेल, म्हणजे आयांचा बाजार, आपल्याकडे पर्यटनाच्या लेखांतून माहीत असते. हजारो विक्रेत्या, सगळ्या स्त्रिया, त्याही विवाहित, आणि बसण्याची जागा घरातल्या पुढच्या बाईकडे जाण्याची परंपरा. बँकवाल्याच्या नजरेने मला तिथे दिसले ते वेगळे होते. ओट्यावर एक बाई बसलेली असते, पुढे सुकी मासळी किंवा कापडाचे गठ्ठे, मांडीखाली एक छोटी वही. त्या वहीत तिच्या मरुपचा हिशेब असतो. मरुप म्हणजे आपल्याकडची भिशीच. आमच्या कर्जाच्या अर्जाला जेवढी पाने होती, तेवढ्या ओळींत त्या बायका आपसांत भांडवल फिरवत होत्या, आणि वसुलीच्या बाबतीत त्या आमच्या शाखेपेक्षा सरस होत्या हे मी निःसंकोच लिहितो.

या बाजारातला बराचसा माल मोरेहमार्गे येत असे. मोरेह हे इंफाळपासून सुमारे ११० किलोमीटरवर, म्यानमारच्या सीमेवरचे गाव, आणि फाटकापलीकडे म्यानमारमधल्या तामू गावाच्या बाजूला नाम्फालोंग बाजार. ब्लँकेटे, चपला, भांडी, छत्र्या, खाण्याचे जिन्नस असा माल. भारत आणि म्यानमार यांच्यातील सीमाव्यापाराचा करार १९९४ मध्ये झाला आणि मोरेहचे सीमाशुल्क केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. त्या करारात वस्तुविनिमयाची मुभा होती, ती डिसेंबर २०१५ मध्ये काढून नेहमीच्या आयात-निर्यातीचे नियम लागू झाले. म्हणजे आयात-निर्यातीचा सांकेतिक क्रमांक, बँकेमार्फत रक्कम, कागदांची चळत. ओट्यावरच्या किती बायकांनी हे केले असेल, याचा अंदाज आपणच करा. सरकारी दप्तरात मोरेहचा व्यापार आटत गेला आणि त्याच वेळी इंफाळचा बाजार त्याच मालाने भरलेला होता. नियम मोठ्या व्यापाऱ्याच्या मापाने शिवला की असे होते, आणि मग नोंदणी तारते की अडकवते हा प्रश्नच उरत नाही. ती लागूच पडत नाही.

लहान व्यापार चालत होता तो दुसऱ्याच एका सवलतीवर. सीमेपासून १६ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना व्हिसाशिवाय ये-जा करता येत असे, आणि फाटकातून दिवसापुरते पलीकडे जाऊन खरेदी करून परतण्याची रीत होती. मार्च २०२० मध्ये करोनामुळे फाटक बंद झाले, फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि सीमेपलीकडचा प्रदेश पेटला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने मुक्त ये-जा रद्द करण्याची घोषणा केली.

मात्र यापेक्षा मोठा घाव मधल्या काळात बसला होता. ३ मे २०२३ पासून मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी समाजांत जो हिंसाचार उसळला, त्यानंतर मोरेहमधल्या मैतेई कुटुंबांना गाव सोडावे लागले, आणि इंफाळमधल्या कुकी कुटुंबांना इंफाळ. इंफाळहून मोरेहला जाणारा रस्ता डोंगरातून, कुकी वस्त्यांमधून जातो. ज्या मैतेई बाईकडे सगळे परवाने असतील तीही त्या रस्त्याने जाऊ शकत नाही, आणि डोंगरातून भाजी घेऊन येणारी कुकी बाई इंफाळच्या बाजारात बसू शकत नाही. कागद होता तो आंतरराष्ट्रीय सीमेसाठी. वाट अडली ती आपल्याच राज्याच्या आत. आंतरराष्ट्रीय फाटकावर निदान वेळापत्रक असते, या नव्या रेषांवर तेही नाही.

कागल_फाटा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. एक बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो. सीमेवरून केवळ ब्लँकेटे आणि टोमॅटो जात नाहीत. म्यानमारमधून हेरॉईन आणि नशेच्या गोळ्या मणिपूरमार्गे येतात, शस्त्रेही येतात, आणि तपासणी टाळण्यासाठी स्त्रियांच्या सामानाचा वापर होतो, हे तिथल्या अटकेच्या बातम्यांवरून वारंवार दिसते. पूर्व काँगोमध्ये खनिजांची चोरटी वाहतूक हे तर युद्धाच्या कारणांपैकीच एक आहे. सरकारने नाका बंद केला की लगेच गरीब बायकांवर अन्याय झाला असे म्हणणे सोपे आहे, पण नाका उघडा ठेवण्याची किंमत त्याच भागातली तरुण मुले मोजत असतात.

नोंदणीच्या प्रश्नावर मात्र मी दुकानदार ताईंच्या बाजूचा आहे, आणि त्याचे उदाहरण काश्मीरचे. नियंत्रण रेषेवरून ऑक्टोबर २००८ मध्ये सलामाबाद आणि चक्कां-दा-बाग येथून व्यापार सुरू झाला. ठरवून दिलेल्या २१ प्रकारच्या वस्तू, वस्तुविनिमय, शून्य शुल्क, नोंदणीकृत व्यापारी, ट्रकांची तपासणी, सगळे काही दप्तरात. एप्रिल २०१९ मध्ये शस्त्रे, अमली पदार्थ आणि बनावट चलन यांसाठी या मार्गाचा गैरवापर होतो असे सांगून एका आदेशाने तो स्थगित झाला. ज्यांनी गैरवापर केला नाही त्यांचीही नोंदणी त्या दिवशी कुचकामी ठरली. हा व्यापार बहुतांशी पुरुषांचा होता हे मान्य. पण पुरुष असलेल्या, ट्रक भाड्याने घेऊ शकणाऱ्या, संघटित व्यापाऱ्यांची ही गत, तर बुट्टीवालीची काय असेल?

राजारामपुरी_नववी_गल्ली

कागलकरांचा मुद्दा रास्त आहे आणि काश्मीरचे उदाहरण बोलके आहे. फक्त एक जोड देतो. सुरक्षितता हवी तर फाटक पूर्ण बंदच करावे लागते, असे नाही. भारत-बांगलादेश सीमेवर मेघालयातील कलाईचर येथे २०११ मध्ये पहिली सीमा हाट सुरू झाली. आठवड्यातील ठरलेला दिवस, कुंपणाच्या आतली जागा, आसपासच्या ५ किलोमीटरमधील रहिवासी, स्थानिक उत्पादने, दोन्ही देशांचे चलन, आणि माणशी खरेदीची मर्यादा, जी आधी ५० डॉलर होती आणि नंतर २०० पर्यंत वाढली. थोडा माल, ओळखीचे चेहरे आणि ठरलेली वेळ असल्यामुळे पहाऱ्यावरच्या जवानाचे कामही सोपे होते. ही सीमा गोम्यासारखी पेटलेली नाही हे खरे, पण लहान मापाचा नियम करता येतो एवढे तरी यावरून दिसते.

आणि नोंदणीच्या बाजूने एक गोष्ट लिहायची राहिली होती. मार्च २०२० मध्ये रवांडाने सीमा बंद केली, तेव्हा पायी ये-जा थांबली पण मालवाहतूक चालू होती. ज्या स्त्रिया सहकारी गटांत होत्या त्यांना आपला माल एकत्र करून गाडीने पलीकडे धाडता आला. सुट्या, कुठल्याही गटात नसलेल्या बायकांच्या हाती काहीच राहिले नाही. म्हणजे इथे कागद उपयोगी पडला, पण तो एकटीच्या नावाचा नव्हता, गटाच्या नावाचा होता.

मंगळवारपेठ_अभ्यासगट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. आमच्या वादाचे स्वरूप आता बदलले आहे: नोंदणी असावी की नसावी याऐवजी, कागद कुणाच्या मापाचा आहे आणि तो एकटीच्या नावाचा आहे की गटाच्या, यावर आम्ही बोलू. इंफाळवाल्या काकांना एक विचारायचे आहे. तिथल्या बाजारातल्या स्त्रियांची संघटना इतकी जुनी आहे, तर २०२३ नंतर तिचा काही उपयोग झाला का?

इंफाळचा_जुना_बँकवाला

संघटना जुनी आहे यात शंका नाही. १९०४ मध्ये सक्तीच्या वेठबिगारीविरुद्ध आणि डिसेंबर १९३९ मध्ये तांदळाच्या निर्यातीमुळे भाव भडकले तेव्हा, अशी दोन आंदोलने तिथल्या स्त्रियांनी केली. नुपी लान म्हणजे स्त्रियांचे युद्ध, अशा नावाने ती ओळखली जातात. दुसऱ्या आंदोलनाचा स्मृतिदिन १२ डिसेंबरला पाळला जातो. तांदूळ बाहेर जातो आहे हे बाजारात बसणाऱ्या बाईला दरबाराच्या आधी कळले होते, कारण भाव तिच्या तोंडी होता. पण त्या दोन्ही वेळी समोर सत्ता होती आणि बाजार एका बाजूला होता. २०२३ मध्ये बाजारच दुभंगला. स्त्रियांचे गट दोन्हीकडे रस्त्यावर उतरले, पण आपापल्या समाजासाठी. फौजेच्या गाड्या अडवणाऱ्यांतही त्या होत्या. ताई, तुम्ही शांतिदूतांची वाक्ये नकोत म्हणालात, त्याचे हे एक कारण समजा. व्यापार एकत्र होता तोवर वहीत दोन्ही समाजांची नावे असत, एवढे मात्र खरे.

लक्ष्मीपुरी_धान्यवाली

मंगळवार पेठेतल्या ताईंना एक सुचवते. तुमच्या गटात भिशी आणि बचत गट चालवणाऱ्या जणी आहेत, तर चर्चेत त्यांना एकच हिशेब मांडायला सांगा. फाटक महिनाभर बंद राहिले, सकाळी उचललेल्या मालाची उधारी अंगावर आहे, आणि व्याज रोजचे आहे; या महिन्यात गट तिचा हप्ता थांबवतो का, आणि थांबवला तर बाकीच्यांचे पैसे कुठून येतात? परवाना देणाऱ्या योजनांत याचे उत्तर मला कुठे सापडले नाही. करोनाच्या टाळेबंदीत आमच्या पेठेतल्या दोन भिशा नेमक्या याच कारणाने मोडल्या आणि एक टिकली. टिकली ती अशासाठी की तिने आधीपासून दर फेरीतली थोडी रक्कम बाजूला ठेवण्याचा नियम केला होता आणि ती कुणालाही उचलू दिली नव्हती. तुमच्यापैकी कुणाच्या गटात असा नियम असेल, तर तो इथे लिहावा, मला हवा आहे.